फ्रिगचे वायुक्षेत्र आणि मागे उरलेली वाट

गाव उठले म्हणून गावाकडे जाणारा रस्ता लगेच मोडत नाही. पुढे दुसरी वस्ती झाली तर तोच रस्ता तिच्या उपयोगी पडतो; न झाली तर त्यावर गवत माजते. उत्तर समुद्राच्या तळाशी अशा रस्त्यांचे जाळे पसरलेले आहे. ते पोलादाच्या वायुवाहिन्यांचे आहे. ज्या क्षेत्रांसाठी त्या टाकल्या, त्यांपैकी अनेक आता रिती झाली आहेत. मागे उरलेल्या वाहिन्यांचे काय करावे, या प्रश्नाला लहानसा परंतु बोधप्रद इतिहास आहे.

फ्रिग हे वायुक्षेत्र १९७१ साली सापडले. ओडिन देवाच्या पत्नीचे नाव त्यास देण्यात आले. हे क्षेत्र नेमके नॉर्वे आणि ब्रिटन यांच्या सागरी सीमारेषेवर होते. वायू काही रेषा मानीत नाही. म्हणून उभय देशांनी १९७६ साली करार करून संपूर्ण क्षेत्र एकच मानले आणि उत्पन्नाची वाटणी ठरविली. नॉर्वेकडे सुमारे साठ टक्के वाटा आला. तथापि वायू मात्र नॉर्वेला नेता येईना. त्या किनाऱ्यालगत समुद्रतळाची खोल घळ आहे, आणि ती ओलांडून वाहिनी टाकण्याची विद्या तेव्हा हाती नव्हती. सबब बत्तीस इंच व्यासाच्या दोन समांतर वाहिन्या सुमारे ३६० किलोमीटर अंतरावर स्कॉटलंडमधील सेंट फर्गस येथे नेण्यात आल्या. त्यांपैकी एक ब्रिटनची, एक नॉर्वेची. सप्टेंबर १९७७ मध्ये वायू वाहू लागला.

फ्रिगचे उत्पादन ऑक्टोबर २००४ मध्ये थांबले. परंतु त्या वाहिन्या तेव्हा अनाथ झाल्या नाहीत, ही या कथेतील महत्त्वाची गोष्ट होय. ब्रिटिश वाहिनीस १९८७ सालीच उत्तर ऑल्विन क्षेत्राचा वायू मिळू लागला होता. नॉर्वेची वाहिनी २००१ साली, म्हणजे फ्रिग बंद होण्याच्या तीन वर्षे आधी, एका नव्या तुकड्याने दक्षिणेकडील हाइमडालशी जोडण्यात आली आणि तिचे नाव ‘वेस्टरलेड’, अर्थात पश्चिमेची वाट, असे झाले. पुढे २०१६ साली शेटलंडच्या पश्चिमेकडील लॅगन-टॉर्मोर क्षेत्राचा वायूही ब्रिटिश वाहिनीत आला. फ्रिगवरील पोलादी बांधकामे दरम्यान उचलून नेली गेली. काँक्रीटचे अवाढव्य पाये तेवढे समुद्रात उभे राहिले.

वाहिनी एवढी टिकते कशी? पोलादावर गंजरोधक लेप आणि वजनासाठी काँक्रीटचे कवच असते. शिवाय ठिकठिकाणी जस्ताची किंवा ॲल्युमिनियमची कडी बसवितात. पोलादाऐवजी ती झिजतात. आतून कोरडा वायू वाहत असेल तर गंजास फारसा वाव राहत नाही. म्हणूनच नळ बहुधा क्षेत्रापेक्षा दीर्घायुषी ठरतो. अर्थात हे आयुष्य राखावे लागते. काम थांबताच वाहिनी धुऊन, तीत नायट्रोजन किंवा औषधी मिसळलेले पाणी भरून ठेवले नाही, तर आतून क्षय सुरू होतो.

आता दुसरी बाजू पाहू. मिलर क्षेत्रापासून सेंट फर्गसपर्यंत सुमारे २४० किलोमीटरची वाहिनी होती. पीटरहेड येथे नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढून वीज करावी, आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड त्याच वाहिनीने उलट दिशेने नेऊन मिलरच्या भूगर्भात सोडावा, अशी योजना २००५ साली जाहीर झाली. सरकारी साहाय्याचा निर्णय लांबत गेला. क्षेत्र वाट पाहू शकत नव्हते. २००७ साली योजना सोडून देण्यात आली आणि त्याच वर्षी मिलरचे उत्पादनही संपले. जवळच्या गोल्डनआय क्षेत्राने २००४ ते २०११ एवढेच उत्पादन दिले. त्याच्या सुमारे शंभर किलोमीटर वाहिनीचा असाच उपयोग करण्याचे दोन बेत २०११ आणि २०१५ साली कोसळले. दुसऱ्या खेपेस सरकारने एक अब्ज पौंडांचा निधीच मागे घेतला. ‘एकॉर्न’ या नावाने तिसरा प्रयत्न चालू असून २०२३ साली शासनाने त्याची निवड केली. तरी त्या वाहिनीतून कार्बन अद्याप वाहिलेला नाही.

नवे काम जुन्या नळास झेपेलच असेही नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये ओलावा राहिला तर आम्ल होऊन पोलाद खाते; दाबाखाली तो द्रवासारखा घट्ट होतो, आणि नळास चीर पडली तर ती दूरवर धावू शकते. हायड्रोजन पोलादास ठिसूळ करतो. म्हणून प्रत्येक वाहिनी स्वतंत्रपणे तपासावी लागते. परंतु फ्रिग आणि मिलर यांतील भेद पोलादाचा नव्हे, वेळेचा होता. एकीकडे जुने काम चालू असतानाच नवे जोडले गेले. दुसरीकडे नवे काम येण्यापूर्वीच जुने संपले.

हे आपणांस अपरिचित वाटू नये. ज्या दरबारांच्या चाकरीसाठी आपले पूर्वज इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यास आले, ते दरबार राहिले नाहीत. परंतु त्यांच्या हयातीतच उभ्या राहिलेल्या शाळा आणि ग्रंथालये पुढच्या पिढ्यांच्या कामी आली. मुंबई हायचा शोध १९७४ सालचा, म्हणजे फ्रिगच्या नंतर तीनच वर्षांनी. तेथून उरणपर्यंत आलेल्या वाहिन्यांचे पुढे काय, हा प्रश्न त्या रित्या होण्याआधीच विचारावयास हवा.