आईवडिलांसह बसने बदामी ते हंपी : दीर्घ भटकंतीतील मोजके दिवस

पाठीवर पिशवी टाकून दोन-तीन महिने दक्षिण भारतात फिरणाऱ्या तरुणाला किंवा तरुणीला मधल्याच एखाद्या मुक्कामी आईवडील येऊन मिळतात, तेव्हा प्रवासाचे स्वरूप बदलते. एकट्याच्या भटकंतीत स्वस्त निवारा, रात्रीचा प्रवास आणि भरपूर पायपीट यांचे काही वाटत नाही. साठी ओलांडलेल्या आईवडिलांना मात्र याच गोष्टी जड जातात. गोवा आणि बेळगाव येथील कुटुंबांना अशा भेटीसाठी जवळचा आणि बसने जोडलेला प्रदेश म्हणजे उत्तर कर्नाटकातील बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि हंपी. मुलाची भटकंती पुढेही चालूच राहणार असते, आईवडिलांच्या वाट्याला मात्र हे चार-पाच दिवसच येतात. त्यामुळे या दिवसांचे वेळापत्रक त्यांच्या शरीराला मानवेल असे आखणे इष्ट. किलोमीटरपेक्षा पायऱ्या, ऊन आणि वाटेतील थांबे यांचा हिशेब येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

मार्ग आणि गाड्या

गोव्याहून बेळगावला जाणारा रस्ता चोर्ला घाटातून, तर हुबळीकडे जाणारा अनमोड घाटातून जातो. या मार्गांवर १९८० साली स्थापन झालेल्या कदंब परिवहन महामंडळाच्या, तसेच हुबळी येथे मुख्यालय असलेल्या वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्या गाड्या धावतात. हुबळीहून बदामी सुमारे १०५ किलोमीटर, तर होसपेटे सुमारे १४५ किलोमीटर अंतरावर आहे. बदामीहून होसपेटेला थेट गाडी न मिळाल्यास गदगला गाडी बदलता येते.

गोव्याहून हंपीकडे जाणारी रात्रीची शयनबस भटक्यांच्या आवडीची. रात्र गाडीतच सरते आणि मुक्कामाचे भाडे वाचते. वयस्कर प्रवाशांना मात्र वरच्या बर्थची शिडी, घाटातील हेलकावे, गाडीत नसलेले स्वच्छतागृह आणि पहाटे अनोळखी जागी उतरणे या चारही गोष्टी त्रासदायक होतात. त्यापेक्षा दिवसाच्या गाडीने हुबळी गाठून तेथे एक रात्र विसावा घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बदामीकडे निघावे. मागच्या चाकावरील व त्यामागील आसनांना धक्के अधिक बसतात. कंबरदुखी असलेल्यांनी गाडीच्या पुढच्या अर्ध्या भागातील आसने निवडावीत. घाटात मळमळण्याचा त्रास होत असल्यास निघण्यापूर्वी हलका आहार घ्यावा आणि जवळ आल्याची वडी ठेवावी. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळण्याची शक्यता असल्याने निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती विचारून घेणे आवश्यक.

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातील महिलांना साध्या व जलद बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येतो. बेळगावच्या मातेला ओळखपत्र दाखवून राज्यांतर्गत प्रवासात हा लाभ मिळतो. गोव्याहून आलेल्या मातेला मात्र तिकीट काढावे लागते. या गाड्यांना बरीच गर्दी असते. उभे राहून प्रवास करावा लागू नये म्हणून गाडी जेथून सुटते त्या स्थानकावरूनच बसणे, किंवा आरक्षण असलेली ‘राजहंस’सारखी आरामगाडी घेणे सोयीचे.

स्थानिक गाड्यांवरील पाट्या बहुधा कन्नडमध्येच असतात. सीमाभागातील अनेक वडीलधाऱ्यांना कन्नड बोलता येते, काहींना वाचताही येते. अशा वेळी मोबाइलवरील नकाशात डोके घालून बसण्याऐवजी वाहकाशी बोलण्याचे काम वडिलांकडे सोपवावे. गाडी नेमकी कोठे थांबते, परतीची शेवटची गाडी किती वाजता, ही माहिती वाहकाइतकी खात्रीने दुसरा कोणी देत नाही.

न बोलला जाणारा प्रश्न

बसप्रवासात अनेक स्त्रिया स्वच्छतागृहाच्या चिंतेने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वडीलही पुष्कळदा ‘मला गरज नाही’ असे सांगून मोकळे होतात. दख्खनच्या कोरड्या हवेत हे धोक्याचे आहे. शरीरातील पाणी कमी झाले की चक्कर, थकवा आणि मूत्रमार्गाच्या तक्रारी उद्भवतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे कित्येकजण प्रवासाच्या दिवशी ती परस्पर टाळतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसे करू नये. गोळीची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रवासाचे लहान तुकडे करणे. दोन-अडीच तासांपेक्षा अधिक काळ सलग बसावे लागणार नाही असे टप्पे पाडले, तर प्रत्येक मोठ्या स्थानकावर पैसे देऊन वापरता येणारे स्वच्छतागृह, चहा आणि पाय मोकळे करण्याची संधी मिळते. थांबा कोठे येणार हे आधीच सांगितले, की आई निश्चिंतपणे पाणी पिते. ‘दमलात का?’ या प्रश्नाला घरोघरी ‘छे, छे’ हेच उत्तर मिळते. त्यामुळे विचारण्यापेक्षा विसाव्याची वेळ आधीच ठरवून टाकणे शहाणपणाचे.

बदामी, पट्टदकल, ऐहोळे

बदामी ही चालुक्यांची राजधानी. येथील तांबड्या वालुकाश्मात चार लेणी खोदलेली आहेत. पहिल्या लेण्यात अठरा हातांचा नटराज, दुसऱ्या व तिसऱ्या लेण्यांत विष्णूची रूपे, तर चौथ्यात जैन मूर्ती आहेत. तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे. एका लेण्यातून दुसऱ्याकडे जाताना पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघेदुखी असलेल्यांनी पहिलेच लेणे निवांतपणे पाहून थांबले तरी चालते. माकडांचा उपद्रव असल्याने खाद्यपदार्थ हातात धरू नयेत. अगस्त्य तीर्थाच्या काठाने भूतनाथ मंदिराकडे जाणारी वाट बरीचशी सपाट असून सायंकाळच्या फेरीला उत्तम.

पट्टदकल बदामीपासून सुमारे २२ किलोमीटरवर, मलप्रभेच्या काठी आहे. १९८७ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. कांचीच्या पल्लवांवरील विक्रमादित्य दुसरा याच्या विजयाच्या स्मरणार्थ राणी लोकमहादेवीने येथील विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकात उभारले. बहुतेक मंदिरे एकाच सपाट आवारात असल्याने या प्रवासातील वयस्करांना सर्वांत सुखाचे स्थळ हेच. पुढे ऐहोळे येथे शंभराहून अधिक मंदिरे विखुरलेली आहेत. तेथील मेगुती मंदिरात रविकीर्तीने रचलेला, पुलकेशी दुसरा याची प्रशस्ती करणारा इ. स. ६३४-३५ चा शिलालेख आहे. त्यात मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख येतो. रेवतीद्वीप म्हणजे गोव्याच्या सीमेलगतचे रेडी, असे अभ्यासक मानतात. मेगुती टेकडीवर असल्याने सर्वांना चढणे जमेलच असे नाही, पण ही हकिगत खाली दुर्ग मंदिराच्या सावलीत बसूनही सांगता येते.

पट्टदकल आणि ऐहोळे एकाच दिवशी पाहायचे असल्यास जाताना बस आणि परतताना रिक्षा हा मध्यममार्ग बरा. बदामीजवळील बनशंकरी ही अनेक कुटुंबांची कुलदेवता. त्या दर्शनासाठी सकाळ राखून ठेवल्यास आईवडिलांच्या दृष्टीने प्रवास सार्थकी लागतो. देवळाच्या परिसरात गावच्या स्त्रिया ज्वारीची भाकरी, भाजी, चटणी आणि दही विकतात.

हंपी

हंपी १९८६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. भटक्यांचा ओढा तुंगभद्रेपलीकडच्या आनेगुंदी-सानापूर भागाकडे असतो. आईवडिलांसाठी होसपेटे किंवा कमलापूर येथील मुक्काम अधिक योग्य, कारण तेथे दवाखाने, खानावळी आणि बसगाड्या हाताशी असतात. होसपेटेहून हंपीला दिवसभर बस मिळते.

विरूपाक्ष मंदिरात आजही नित्यपूजा चालते. विजय विठ्ठल मंदिरातील पाषाणरथ पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर आहे. या मंदिराचा गाभारा आज रिकामा आहे. पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरला नेली गेली होती आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकरी परंपरेतील श्रद्धा आहे. त्यामुळे मराठी आईवडील या मंदिरात इतर कोणत्याही वास्तूपेक्षा अधिक वेळ रेंगाळतात. तो वेळ त्यांना मिळायला हवा. वाहने मंदिरापासून अलीकडेच थांबतात. पुढील अंतरासाठी विजेवर चालणाऱ्या लहान गाड्या आहेत. रांग टाळण्यासाठी सकाळी लवकर पोहोचावे.

मातंग टेकडीवरील सूर्योदय आईवडिलांच्या यादीतून वगळावा. मुलाला तो पाहायचाच असेल, तर ते उठण्यापूर्वी जाऊन यावे. दुपारी बारा ते चार विश्रांती घ्यावी, कारण उन्हात ग्रॅनाइटचे खडक तापतात. देवळांच्या फरशीवर अनवाणी चालण्यासाठी जाड मोजे जवळ असावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल.

परतीचा दिवस

शेवटचा पूर्ण दिवस कोणताही कार्यक्रम न ठेवता मोकळा सोडावा. आधी राहून गेलेले काही असल्यास त्या दिवशी पाहता येते, नसल्यास बाजारात फेरफटका होतो. परतीची गाडी दिवसाची आणि आरक्षित असावी. आईवडिलांना त्यांच्या आसनावर बसवून, उतरण्याचे ठिकाण वाहकाला सांगून, पाण्याची बाटली व औषधे हाताशी आहेत याची खात्री करून मगच मुलाने आपली पाठपिशवी उचलून पुढची वाट धरावी.