फलाचा प्रांत आणि महावीराचार्य

धाराशिव जिल्ह्याचा बीजगणिताशीं काय संबंध, असें कोणी विचारील. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष (८१४–८७८) याला शिलालेखांत लट्टलूर नगरीचा स्वामी म्हटलें आहे. लट्टलूर म्हणजे लातूर असें संशोधक मानतात, आणि लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यांत होतें. अमोघवर्षाच्या काळीं, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनीं ‘गणितसारसंग्रह’ रचिला.

एखाद्या फलांत क्षच्या जागीं ज्या संख्या घालतां येतात, त्यांचा समूह म्हणजे त्या फलाचा प्रांत. वास्तव संख्यांत तो शोधतांना दोन गोष्टी पाहाव्या लागतात: वर्गमूळ ऋण संख्येचें नसावें आणि छेद शून्य नसावा. क्ष-५ च्या वर्गमुळास क्ष-८ नें भागावयाचें असेल, तर प्रांत ५ व त्यापुढील सर्व संख्यांचा. फक्त ८ वगळावयाचा.

यांतील पहिली मर्यादा महावीराचार्यांनीं स्पष्ट सांगितली: ऋण संख्या स्वभावतःच कोणाचा वर्ग नव्हे, म्हणून तिला वर्गमूळ नाहीं. दुसरीपाशीं मात्र ते चुकले. शून्यानें भागिलेली संख्या जशीच्या तशी राहते, असें त्यांनीं लिहिलें. पण ६ ला शून्यानें भागून ६ च येत असतील, तर ६ गुणिले शून्य हेही ६ झाले पाहिजेत. तें तर शून्य होतें. बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं अशा राशीला ‘खहर’ हें नांव देऊन ती अनंत मानली. आजचें बीजगणित ती प्रांताबाहेरच ठेवतें.

‘येथें उत्तर नाहीं’ हेंही एक उत्तर असतें. महावीराचार्यांना तें एके ठिकाणीं दिसलें, दुसरे ठिकाणीं निसटलें. विद्यार्थी आज दोन ओळींत प्रांत लिहितो, त्यामागें अनेक शतकांची ही शोधाशोध आहे.