आज्ञांची यादी आणि परवानगी

भुसावळहून एक मार्ग नागपूरकडे जातो, दुसरा इटारसीकडे. म्हणून ‘गाडी सोडा’ एवढ्याने आमच्याकडे भागत नाही. मार्ग ठरावा लागतो, सिग्नल मिळावा लागतो. लिनक्स संगणकाची रीतही मला तशीच वाटते.

त्याच त्या आज्ञा पुनःपुन्हा टंकाव्या लागू नयेत, म्हणून 1963-64 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी संस्थेत लुई पूझाँ या फ्रेंच तंत्रज्ञाने त्यांची यादी फाइलमध्ये लिहून एका दमात चालवण्याची सोय केली. तीच आजची ‘स्क्रिप्ट’. पुढे 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सचे काम सुरू झाले आणि त्याच धर्तीवर 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स रचले.

पण फाइल लिहिली म्हणजे ती नुसत्या नावाने चालतेच असे नाही. तिला चालण्याची परवानगी द्यावी लागते, आणि ती आपल्यापुढच्याच फोल्डरमध्ये असली, तर नावाआधी टिंब व तिरकी रेघ देऊन तसे सांगावे लागते. नवख्याला ही कटकट वाटते. मात्र कोणी ओळखीच्या आज्ञेच्या नावाची घातक फाइल तिथे आणून ठेवली, तर ती नकळत चालू नये, यासाठीच हा बंदोबस्त आहे. हुकूम पाळणारे यंत्र उपयोगी खरे. पण कोणाचा हुकूम, हे विचारणारे यंत्र अधिक भरवशाचे.