पालकाच्या पानापासून रक्तकर्करोगापर्यंत

मुलांच्या रक्तकर्करोगावर परिणाम करणारे पहिले औषध सापडले ते एका जीवनसत्त्वाची वाट अडवून. आणि या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईत आहे.

१९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना तेव्हा तीव्र रक्तक्षय होत असे. त्यांच्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने फार कमी असत. यीस्टच्या अर्काने या बायका सुधारतात, असे विल्सने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कात असे होते तरी काय? दहा वर्षांनी अमेरिकेत चार टन पालकापासून फॉलिक आम्ल वेगळे काढण्यात आले आणि कोडे सुटत गेले. पेशीला डीएनए घडवायला हे आम्ल लागते. अस्थिमज्जेत नव्या पेशी अखंड तयार होत असतात, म्हणून त्याची उणीव रक्तात लवकर दिसते.

आता बॉस्टनला जाऊ. सिडनी फार्बर तिथल्या बालरुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ होते. तीव्र रक्तकर्करोग झालेले मूल तेव्हा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दगावत असे. फॉलिक आम्लाने बिघडलेली मज्जा सुधारते, मग इथेही सुधारेल का? फार्बर यांनी त्याची संयुगे देऊन पाहिली. झाले उलटेच. रोगट पेशी अधिकच वेगाने वाढू लागल्या.

हा पराभव क्लेशकारक होता. पण फार्बर यांनी ते निरीक्षण दडवले नाही, त्यातूनच पुढचा प्रश्न काढला. खताने तण माजत असेल, तर खतच तोडले तर?

त्यासाठी लागणारे पदार्थ लेडर्ली प्रयोगशाळेतून आले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या गटाने फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण त्याचे काम न करणारे रेणू बनवले होते. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी, तसे हे रेणू पेशीचे काम अडवतात. त्यांतलेच एक ॲमिनोप्टेरिन. डिसेंबर १९४७ मध्ये ते मुलांना देणे सुरू झाले. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष छापले : १६ पैकी १० मुलांत सुधारणा झाली होती. काही मुले तर पुन्हा हिंडूफिरू लागली.

पण हा गुण टिकला नाही. औषधाला दाद न देणाऱ्या थोड्या पेशी उरत, त्या वाढत आणि रोग परते. एका औषधाऐवजी अनेक औषधे एकत्र द्यायची, हा मार्ग पुढे रुळला. १९६२ पासून मेम्फिसमध्ये डोनाल्ड पिंकेल यांनी त्याला मेंदूत दडलेल्या पेशींवरील उपचाराची जोड दिली. आज चांगल्या सोयी असतील, तर मुलांच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारच्या रक्तकर्करोगातील दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. ॲमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट या उपचारात अजून आहे.

सुब्बाराव ऑगस्ट १९४८ मध्ये वारले. आपल्या रेणूंनी पुढे किती मुले वाचवली, ते त्यांना कळले नाही. वर्गात ही गोष्ट सांगताना दहा मुलांच्या सुधारणेबरोबर आधीचा फसलेला अंदाजही सांगावा. त्याच्यावाचून पुढचा प्रश्न सुचला नसता.