पांसुकूल, ठिगळ आणि महाड

महाड व पोलादपूर तालुक्यांतील तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींसाठी एका विहारात जुन्या कपड्यांपासून नव्या वस्तू करण्याचा वर्ग भरला होता. आईची विरलेली लुगडी, वडिलांच्या विजारी, आखूड झालेले शाळेचे गणवेश मुलांनी घरून आणले होते. त्यांतून पिशव्या, आसने व वाकळी शिवावयाच्या होत्या. चीवराविषयी दोन शब्द सांगण्यासाठी आम्हांस बोलाविले होते. आम्ही आरंभ करण्यापूर्वीच एका मुलीने विचारले, "उतरलेले कपडे घालणे आपल्या लोकांवर लादलेले होते, असे आजी सांगते. मग तेच आता आम्ही हौसेने का करायचे?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर इतिहासातच शोधले पाहिजे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. सेवा करणाऱ्या शूद्रास उष्टे अन्न व जीर्ण वस्त्रे द्यावीत, असेही तेथेच सांगितले आहे. येथे जुने वस्त्र ही केवळ गरिबी नव्हे, ती खूण आहे. ते कोणी नेसावे हे जन्म ठरवितो आणि नेसणाऱ्यास नकाराचा अधिकार नाही.

हेच प्रेतवस्त्र बुद्धाच्या संघात अगदी निराळ्या अर्थाने आढळते. पांसुकूल म्हणजे धुळीत, उकिरड्यावर वा श्मशानात टाकलेली चिंधी. भिक्खूच्या चार निस्सयांपैकी पांसुकूल-चीवर हा एक होय. विसुद्धिमग्गात बुद्धघोषाने अशा वस्त्रांचे तेवीस प्रकार दिले आहेत. त्यांत रस्त्यावर पडलेले, आगीत जळलेले, गाईने चघळलेले कापडही आहे. ब्राह्मणकुळात जन्मलेल्या महाकस्सपाने आपली संघाटी तथागतांना अर्पण करून त्यांची झिजलेली तागाची पांसुकूले आदराने अंगावर घेतली, असे संयुत्तनिकायात आले आहे. जी चिंधी एका जातीच्या कपाळी मारली होती, ती संघात ब्राह्मणाच्याही अंगावर आली. तेथे ती कोणाची जात सांगू शकत नव्हती.

तरीही ती सक्तीची नव्हती. जीवकाने उत्तम वस्त्र अर्पण केले तेव्हा तथागतांनी ते स्वीकारले आणि गृहस्थांनी दिलेली चीवरे घेण्याची भिक्खूंना मुभा दिली; ज्याला पांसुकूल हवे त्याने ते वापरावे, असे ठरविले. पुढे सर्व भिक्खूंनी आजन्म पांसुकूलच वापरावे अशी मागणी देवदत्ताने केली, ती त्यांनी अमान्य केली. चिंधीला प्रतिष्ठा दिली, पण कोणावर लादली नाही. आमच्या मते हाच या इतिहासाचा गाभा आहे.

विनयपिटकात कारागिरीचा तपशीलही विपुल आहे. मगधातील बांधाबांधांनी आखलेली शेते पाहून आनंदाने तुकड्यांच्या चीवराचा आराखडा तयार केला आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. मुळे, लाकूड, साल, पाने, फुले व फळे या सहा प्रकारच्या रंगांची अनुज्ञा होती. मिळालेले कापड धुवावे, कापावे, शिवावे, रंगवावे, मग ते चीवर होते. राजा उदेनाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे करणार काय, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण आहेत त्यांना ही वाटू, असे आनंदाने सांगितले. मग जुन्या चीवरांची अंथरुणावरची पांघरणे, त्यांच्या गादीच्या खोळी, पुढे जमिनीवरची आच्छादने, पायपुसणी, धूळ झाडण्याची फडकी, आणि अखेरीस उरलेल्या चिंध्या कुटून, चिखलात मळून जमीन लिंपावयाची. संतुष्ट होऊन राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

ही काटकसर अकारण नव्हती. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत कुमार कानभोअ वेण्हुपालित याच्या लेखात लेणे, चैत्यगृह, खोल्या व पाण्याची टाकी यांचे दान नोंदले आहे. अशा लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंच्या वस्त्राचा खर्च किती, हे नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख सांगतो. त्याने कोष्ट्यांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले आणि त्यातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी ठरविले. वर्षाचे व्याज २४०. हिशेब चोख जुळतो.

आता महाडकडे पाहू. २५ डिसेंबर १९२७ रोजी येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. जीर्ण वस्त्रांचा तो दंडकही त्याच अग्नीत गेला. त्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. अस्पृश्यतेची ओळख पटविणारी वेशभूषा व दागिने टाका, लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे नेसा, असे त्यांनी सांगितले. पण त्याबरोबरच वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील, ते स्वच्छ असावे, असेही बजावले. त्यांचा विरोध ठिगळाला नव्हता, खुणेला होता.

त्या मुलीला आम्ही हेच सांगितले. दुसऱ्याने उतरवून अंगावर टाकलेले वस्त्र आणि आपण निवडून, धुऊन, कापून शिवलेले वस्त्र ही दोन वेगळी वस्त्रे होत. म्हणून असे वर्ग घेणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे: दानाचे गठ्ठे मुलांपुढे टाकू नयेत. कापड त्यांच्या घरचे असावे, कात्री त्यांच्या हाती असावी आणि ज्याला हे करावयाचे नसेल त्याला मोकळीक असावी. ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग तिने आजीचे लुगडे उलगडले, त्याचा काठ बाजूला काढून ठेवला आणि उरलेल्यावर खडूने चौकोन आखू लागली.