अकाली ठरवलेला बुद्धिक्षय



आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा नववीतच सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तरीही हा विषय आम्ही हट्टाने मागून घेतला, त्यास कारण आमचे एक जुने सहकारी. आम्ही त्यांना दादा म्हणतो. कारखान्यात ते फिटर होते. तरुणपणीच त्यांना छिन्नमनस्कता, म्हणजे डॉक्टर ज्यास स्किझोफ्रेनिया म्हणतात तो आजार जडला. औषधे घेत घेत त्यांनी वीसेक वर्षे यंत्र सांभाळले. साठी उलटल्यावर मात्र ते घरचा रस्ता चुकू लागले, तेव्हा ज्याने त्याने एकच उत्तर दिले, "जुनाच आजार, पुढे असेच व्हायचे." हे 'असेच व्हायचे' प्रथम कोणी ठरवले, ते शोधता शोधता आम्ही जर्मनीपर्यंत जाऊन पोचलो, अर्थात पुस्तकांतून.

हायडेलबर्ग येथे एमिल क्रेपेलिन नावाचे प्राध्यापक होते. प्रत्येक रोग्याचे ते एक कार्ड ठेवीत. रोगी कसा आला, कसा गेला, पुढे त्याचे काय झाले, ह्याची ती नोंद. असे हजेरीपत्रक ठेवणाऱ्या माणसाविषयी आम्हांस आदरच वाटतो! त्या निरीक्षणांतून त्यांनी १८९३ साली आणि अधिक ठामपणे १८९९ च्या आवृत्तीत 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' हे नाव मांडले. त्याचा अर्थ अकाली येणारा बुद्धिक्षय. रोगाचा शेवट रोगाच्या नावातच लिहिला गेला. कामावर घेतानाच बडतर्फीचा कागद हातात द्यावा, तसे हे झाले. काही रोगी बरे होतात हे क्रेपेलिन ह्यांनी पुढे स्वतःच नोंदवले. पण नाव सुटले ते सुटले. स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर वर्षानुवर्षे रोग्यांमध्ये राहिलेले गृहस्थ. सगळेच रोगी क्षीण होत नाहीत, हे पाहून त्यांनी १९०८ साली 'स्किझोफ्रेनिया' हा नवा शब्द दिला.

त्याच काळात क्रेपेलिन ह्यांच्या हाताखाली आलोइस अल्झायमर काम करीत होते. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात त्यांनी ऑगस्ट नावाची ५१ वर्षांची बाई तपासली होती. रेल्वेतल्या एका कारकुनाची बायको. ती १९०६ साली वारली, तेव्हा तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी दोन खुणा दाखवल्या : पेशींबाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आतील तंतूंचा गुंता. छिन्नमनस्कतेच्या मेंदूत अशी स्वच्छ खूण मात्र कोणाला सापडेना. फ्रेड प्लम ह्या अमेरिकन तज्ज्ञाने १९७२ साली तर ह्या रोगाला मेंदूचे विच्छेदन करणाऱ्यांची दफनभूमीच म्हटले.

चारच वर्षांनी, १९७६ साली, लंडनजवळच्या नॉर्थविक पार्कमध्ये ईव्ह जॉनस्टन, टिमोथी क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळात वर्षानुवर्षे काढलेल्या १७ रोग्यांच्या मेंदूंची क्ष-किरणांनी संगणकाच्या साहाय्याने चित्रे घेतली. आतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झालेल्या आढळल्या, आणि ज्यांच्या पोकळ्या मोठ्या त्यांची बुद्धीही अधिक मंदावलेली होती. म्हणजे खूण होती. परंतु ती म्हातारपणीच्या झिजेची, की मेंदू घडतानाच राहिलेल्या उणिवेची?

ह्याचे मोठे उत्तर १९९८ साली न्यूयॉर्कहून आले. म्हाताऱ्या रोग्यांची १०० शवविच्छेदने तपासली गेली. त्यांतील निम्म्याहून पुष्कळ अधिक लोकांची बुद्धी हयातीत मंदावलेली होती. अल्झायमरचा रोग मात्र अवघ्या ९ जणांत निघाला. विस्मरण खरे होते, पण त्याची जी खूण सर्वांनी गृहीत धरली होती ती बहुतेकांत नव्हतीच. आम्हांस हा आकडा फार मोलाचा वाटतो. रोगी विसरत नाही असे तो म्हणत नाही. का विसरतो ते पुन्हा विचारा, एवढेच म्हणतो.

आता रक्तातूनच खुणा काढतात. अल्झायमरच्या अशा एका रक्ततपासणीस अमेरिकन सरकारच्या औषधखात्याने मे २०२५ मध्ये मान्यता दिली. दुसरी खूण 'न्यूरोफिलामेंट'ची. चेतातंतू झिजले की हे प्रथिन रक्तात वाढते. आम्ही थोडे थबकतो ते इथे. हा आकडा वयाबरोबर चढतो, मूत्रपिंड अधू झाले की चढतो, आणि अंग स्थूल असले की उतरतो. छिन्नमनस्कतेच्या कित्येक औषधांनी वजन वाढते, मधुमेह जडतो, आणि मधुमेहाने मूत्रपिंड बिघडते. तेव्हा मेंदूचा म्हणून घेतलेल्या आकड्यात त्या माणसाच्या पोटाचा, मूत्रपिंडाचा आणि औषधाच्या डब्याचाही हिशेब मिसळलेला असतो. मजुरीच्या पावतीवर कपाती न दाखवता नुसती बेरीज छापावी, त्यातलाच प्रकार!

दादांकडे परत येतो. हातांची थरथर थांबावी म्हणून त्यांना एक गोळी वर्षानुवर्षे चालू होती. तिच्या जातीच्या गोळ्या म्हातारपणी स्मरणावर घाला घालतात, हे आम्ही वाचले आणि चिठ्ठी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती हळूहळू कमी केली. रस्ता दादा अजून अधूनमधून चुकतात. पण गेल्या महिन्यात युनियनच्या कचेरीत ते एकटे आले, आणि वर्गणीची वही मागून आपली सही कुठे करायची ते त्यांनी विचारले नाही. रक्ताची ती नवी तपासणी त्यांची झालेली नाही.