'समाजस्वास्थ्य'चे खटले आणि मुंबईतले लैंगिक शास्त्र

लैंगिकतेचा शास्त्रीय अभ्यास मराठी समाजात शिरला तो विद्यापीठातून नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले. मुंबई काळाच्या मागे नव्हती. पण या शास्त्राने कोणते प्रश्न विचारावेत आणि कोणते गिळून टाकावेत, हे भोवतालची संस्कृती ठरवत होती.

ती संस्कृती एकजिनसी नव्हती. धर्म, अर्थ आणि मोक्षाच्या जोडीला काम हाही पुरुषार्थ मानणारी जुनी परंपरा होती, पण सुशिक्षित घरांत वजन होते ते ब्रह्मचर्य आणि पातिव्रत्याला. वर इंग्रजी राजवटीने आणलेला अश्लीलतेचा कायदा होता. १८६० च्या भारतीय दंडविधानातले कलम २९२ पुढे कर्व्यांच्या मागे लागले ते याच वातावरणात. कर्वे गणिताचे प्राध्यापक. विल्सन या मिशनरी कॉलेजात शिकवत. संततिनियमनाचा प्रचार थांबवायला नकार दिल्यामुळे १९२५ साली त्यांची नोकरी गेली. १५ जुलै १९२७ रोजी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि ते २६ वर्षे चालवले.

या मासिकाचा खरा प्राण होता वाचकांची प्रश्नोत्तरे. घरात, शाळेत, डॉक्टरपुढेही जे बोलायची सोय नव्हती, ते लोक कर्व्यांना पत्राने विचारत आणि ते छापील उत्तर देत: रोखठोक, पाप-पुण्याची भाषा टाळून. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, हे ते पुनःपुन्हा लिहीत. गर्भ आणि रोग टाळता येत असतील तर उरलेली बाब ज्याच्या त्याच्या मर्जीची, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

१९३१ मध्ये व्यभिचारावरील लेखासाठी त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्याचे कारण होते हीच प्रश्नोत्तरे. त्यांत हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारले होते. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, असा आक्षेप न्यायासनाकडून आला. विकृती असलीच तर ती ज्ञानानेच जाईल, आणि लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, अशी आंबेडकरांची बाजू होती. ती मान्य झाली नाही. २०० रुपये दंड झाला. लोकांचे खरे प्रश्न गोळा करणे ही या शास्त्राची पहिली पायरी, आणि कायद्याने बोट ठेवले ते नेमके त्या पायरीवर.

त्याच १९३४ साली मुंबईतच डॉ. ए. पी. पिल्ले यांनी 'मॅरेज हायजीन' हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. विषय तोच, पण चौकट विवाहाची आणि सुप्रजननाची. त्याआधी ना. सी. फडके यांनीही 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' हे पुस्तक सुप्रजननाच्याच अंगाने लिहिले होते. वंश सुधारायचा, लोकसंख्या आवरायची म्हटले की हा विषय सभ्य समाजात चालत असे. सुखासाठी म्हटले की चालत नसे. इंग्रजीत, डॉक्टरांपुरते लिहिलेले खपून जाई आणि मराठीत सर्वांसाठी लिहिलेले कोर्टात जाई, हेही तितकेच खरे. पुढे पिल्ले यांचे नियतकालिक 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी' झाले. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांचा स्त्रियांच्या कामतृप्तीवरील १९५० चा निबंध त्यातच छापून आला; 'जी-स्पॉट' हे नाव नंतर त्यांच्यावरूनच पडले. जगभर उद्धृत होणारा हा निबंध मुंबईहून निघालेल्या नियतकालिकातला, हे फार थोड्या मराठी वाचकांना ठाऊक आहे.

संततिनियमनाला विरोधही मोठ्या माणसांचा होता. संततिनियमनाच्या अमेरिकन प्रचारक मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधनांना मान्यता दिली नाही. उपाय म्हणून संयमच सुचवला.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. त्यात कर्व्यांची साधने आली, पण कामसुखाच्या हक्काचा त्यांचा विचार आला नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले आणि पुढच्याच महिन्यात 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक निघाला. लैंगिकतेवर उघड बोलण्याचा संकोच मात्र पुढेही टिकला: २००७ साली महाराष्ट्र सरकारने शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला मनाई केली.